गोंगाटातला षड्ज

हार्ड रॉक वाजवण्यासाठी इलेक्ट्रिक गिटार कशी पारखावी, या विषयावर दिवाळी अंकात लेख आलेला पाहून माझ्या पिढीचे वाचक एकदा चष्मा पुसून घेतील. मीही घेतला असता. भजन, नाट्यसंगीत आणि ख्याल यांवर चार शब्द लिहिण्यात माझे वय गेले. या विलायती संगीताबद्दल माझे मत एका शब्दात मावत होते : गोंगाट. हे मत बनवण्यासाठी मला ते संगीत ऐकावे लागले नव्हते, आणि ही गोष्ट मला कधी खटकलीही नव्हती. गेल्या दिवाळीत, भाऊबिजेसाठी चिंताकीला बहिणीकडे गेलो असता ती खटकली. हा लेख त्या खटकण्याचा आहे.

भाचा हैदराबादला शिकायला आहे. तो दोन गिटारी घेऊन आला होता. दोन्ही मित्रांच्या, दोन्ही वापरलेल्या, दोन्हींची किंमत सारखी. एक ठेवून दुसरी परत करायची होती. मूग-उडदाच्या पैशातून दाजींनी थोडी रक्कम बाजूला काढली होती. बीदर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीत अशी रक्कम बाजूला निघणे म्हणजे काय, हे सांगायला नको. दाजी म्हणाले, "तुम्ही गाण्यावर लिहिता. ह्या दोन्हीतली कोणती घ्यावी ते तुम्हीच सांगा. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसतात." मला नाही म्हणता आले नाही. खरे म्हणजे मला नाही म्हणायचेच नव्हते. दोन्ही परत पाठवायच्या, हे मी मनात ठरवूनच बसलो होतो.

त्या संध्याकाळी देवळातल्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर मागून आणला, त्याला मंडळाचाच भोंगा जोडला आणि भाच्याने लाल गिटारीची तार छेडली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज गावभर गेला. दुसरी गिटारही तशीच बोलली. मी जागच्या जागी निकाल दिला : "यात संगीत नाही. पैसे तसेच राहू देत." पोरगा काही बोलला नाही. वायर गुंडाळून ठेवली. रात्री अंगणात शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही गिटार कुठं ऐकलात? तुम्ही भोंगा ऐकलात."

समीक्षकाच्या कारकिर्दीत इतके नेमके वाक्य फार क्वचित ऐकायला मिळते.

दुसऱ्या दिवशी तो बीदरहून एका मित्राचा गिटारसाठीच बनवलेला लहानसा अ‍ॅम्प्लिफायर मोटारसायकलला बांधून घेऊन आला, आणि मला पहिला धडा मिळाला. इलेक्ट्रिक गिटार हे अर्धे वाद्य आहे. सतारीला भोपळा असतो, तो तारेचा आवाज वाढवतो आणि घडवतोही. इलेक्ट्रिक गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याचे बारीक वेटोळे, म्हणजे पिकअप. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. पिकअप हवेतला आवाज टिपत नाही, तारेची हालचाल टिपतो. आवाज घडतो तो पुढे, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरमध्ये. म्हणजे या वाद्याचा भोपळा त्या पेटीत आहे. गिटारच्या पेटीतला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या वरचे टोचरे सूर आपोआप गाळून टाकतो. भजनाचा भोंगा शब्द दूरवर पोचावेत म्हणून असतो. तो खालचे सूर खाऊन टाकतो आणि टोचरे तेवढे पुढे फेकतो. मी भोपळा फुटलेल्या सतारीवरून सतारीची परीक्षा केली होती.

यातून पहिला निकष निघतो. ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत, त्याने सगळे गिटारीवर घालू नयेत. साधी गिटार चांगल्या पेटीतून बरी वाजते. उत्तम गिटार भोंग्यातून वाजत नाही. विक्रेते लाकडांची नावे मोठ्या भक्तिभावाने घेतात. लाकूड दांडी सरळ धरते, वजन ठरवते. पण भरीव अंगाच्या विजेच्या वाद्यात आवाजाचा फार मोठा भाग पिकअप, तारा, त्यांची उंची आणि पेटी यांनी ठरतो. लाकडाच्या नावाला वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. हार्ड रॉकमध्ये आवाज मुद्दाम फाटू देतात. त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज त्याच्यात लोटला की लाटेचे माथे छाटले जातात आणि मूळ सुराबरोबर अनेक उपस्वर जन्माला येतात. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा बिघाड आहे. १९६४ साली द किंक्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला तो हा बिघाड मिळावा म्हणून. हे ऐकून पूर्वी मी हसलो असतो. पण आपण तंबोऱ्यात काय करतो?

तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार सपाट पृष्ठभागाला चाटत जाते आणि तिच्याखाली आपण सुती दोरा सरकवतो. तार स्वच्छ सुटू नये, घासत, झंकारत सुटावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की, जिथे तार छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू यायला नकोत, पण तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे तेही ऐकू येतात. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानसेने घासून जी जवारी काढली, तिचे हे मर्म. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी आणि डिस्टॉर्शन एकच नव्हेत. एक घोडीवर घडते, दुसरे विजेच्या मार्गात. पण साध्या सुराला उपस्वरांनी श्रीमंत करायचे, त्यासाठी थोडी खरखर पत्करायची, ही आकांक्षा दोन्हीकडे एकच आहे. खरखर आपल्याला परकी नव्हती. परकी होती ती तिची मात्रा.

भाच्याला म्हटले, तुझ्या संगीतातली सगळ्यात साधी गोष्ट वाजव. त्याने दोन तारा एकदम छेडल्या आणि आवाज फाटू दिला. मी दचकलो. तो षड्ज-पंचम होता. हार्ड रॉकचा कणा असलेला हा सुरांचा जोड, ज्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात सा आणि प एवढेच असते; गंधार गाळलेला असतो. म्हटले, गंधार का नाही? त्याने वाजवून दाखवला. सगळा आवाज गढूळ झाला. कारण पुढे कागदावर मांडले तेव्हा उलगडले. गिटारीचे पडदे समान अंतराच्या सप्तकाला बांधलेले. त्यातला पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा, सप्तकाचे बाराशे भाग धरले तर, फक्त दोन भाग उतरलेला असतो. शुद्ध गंधार मात्र चौदा भाग चढा असतो. एरवी कान हे सोसतो, पण डिस्टॉर्शन प्रत्येक फरक मोठा करून दाखवते. म्हणून या वादकांनी गंधार टाकला आणि षड्ज-पंचम ठेवले. कुणी शास्त्र शिकवले म्हणून नव्हे, कान सांगत होता म्हणून. आणखी एक नवल असे की, फाटलेल्या आवाजात सा आणि प मिळाले की त्यांच्या कंपनांच्या फरकाचा तिसरा सूर आपोआप उमटतो, आणि तो खालच्या सप्तकातला षड्ज असतो. कुणी न छेडलेला खर्ज. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. हा स्वयंभू खर्ज म्हणावा लागेल.

येथून निकषांचा धागा हाती लागला. जे वाद्य फाटलेल्या आवाजातही षड्ज-पंचम एकजीव धरते, न छेडलेला खर्ज ज्यातून उमटतो, आणि हात थांबताच जे गप्प बसते, ते या संगीतासाठी चांगले. मोठा आवाज हा निकषच नव्हे. आवाज पेटी देते.

या निकषांवर दोन्ही गिटारी दिवसभर तपासल्या. लाल गिटार देखणी होती आणि पोराचा जीव तिच्यावर होता. तिला एकेरी वेटोळ्याचे तीन पिकअप, आणि मागे स्प्रिंगांवर तोललेली, दांड्याने हलवता येणारी घोडी. हा घाट १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा. दुसरी तपकिरी, पुसट, चार किलोच्या आसपास वजनाची. तिला दुहेरी वेटोळ्याचे दोन पिकअप आणि स्थिर घोडी. हा घाट १९५२ साली आलेल्या गिब्सन लेस पॉलचा. दुहेरी वेटोळे हे सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिब्सनसाठी काढलेले. त्याला हंबकर म्हणतात, म्हणजे गुणगुण मोडणारा.

ही गुणगुण काय ते चिंताकीत समजावून सांगावे लागत नाही. आपल्या विजेची पन्नास आवर्तने वेटोळ्यात शिरतात, ट्यूबलाइटचा चोक त्यात भर घालतो, आणि स्पीकरमधून अखंड घुर्र ऐकू येते. त्यातला शंभर कंपनांचा सूर गिटारीच्या कोणत्याच पडद्यावर बसत नाही; तो पाश्चात्त्य जी या स्वराच्या किंचित वर लोंबकळतो. साध्या आवाजात हे चालून जाते. पण डिस्टॉर्शन लहान आवाजाला मोठ्याच्या बरोबरीला आणून बसवते, त्यामुळे वादक थांबला की घुरघुर गाऊ लागते. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलट्या दिशेने जोडलेली आणि चुंबकांची टोकेही उलटी. बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांत वजा होते, तारेचा सूर मात्र बेरजेत राहतो. लाल गिटार थांबली की घर घुरघुरत होते. तपकिरी थांबली की अंगणातली चिमणी ऐकू येत होती. हार्ड रॉकमधला ठेका तळहाताची कड घोडीवर टेकवून, तारा अर्ध्या दाबून धरतात. तिथे दोन आघातांमधली शांतता हाच ताल असतो. पखवाजावर हात टेकला की बोल तुटला पाहिजे, तसेच हे.

मग मींड. गिटारवादक तार पडद्यावर आडवी ओढून सूर चढवतो. चौंडक्याची तार ताणून सूर वर नेणारे हात आमच्या भागात अजून आहेत, त्यामुळे हे अंग मला नवे नव्हते. लाल गिटारीच्या पंधराव्या पडद्यावर पातळ तार ओढली की सूर मध्येच मरत होता, कारण पुढच्या पडद्यांवर तार टेकत होती. डोळ्याजवळ धरून दांडीकडे पाहिले तर ती किंचित पिळलेली दिसली. तपकिरीत असे झाले नाही. शिवाय तिच्या तारांची लांबी बासष्ट पूर्णांक नऊ दशांश सेंटिमीटर आणि लालची चौसष्ट पूर्णांक आठ. त्याच सुराला आखूड तारेवर ताण कमी, म्हणून बोटांना मींड सोपी.

तपकिरीतही दोष निघाला. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून छेडली की जो तार षड्ज निघतो, तोच पडदा दाबून निघायला हवा. एका तारेत तो चढा निघाला. भाच्याचा चेहरा उतरला. पण घोडीवरचा स्क्रू फिरवून तार थोडी लांबवली आणि सूर जागेवर आला. वाद्याचे दोष दोन जातींचे असतात हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तारा जुन्या, उंची चुकलेली, घोडी सरकलेली, हे दोष दुरुस्तीचे. दांडी पिळलेली, पडदे झिजून खड्डे पडलेले, हे दोष मुळाचे. साहित्याच्या परीक्षणात आपण हाच भेद विसरतो. शुद्धलेखनाच्या चुकांवर तुटून पडतो आणि पिळलेल्या दांडीला माफ करतो.

हलत्या घोडीचा तर आमच्या गावी वेगळाच विचार करावा लागतो. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर ती उभी असते. एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. हैदराबादेत तार दुकानात मिळते. चिंताकीत भजनाच्या मध्यावर एकतारीची तार तुटली तरी गावभर हिंडावे लागते. स्थिर घोडीवर एक तार गेली तरी पाच आपल्या सुरात राहतात. वाद्य जिथे वाजणार त्या गावाचाही निकषांत समावेश हवा, हे विक्रेत्याच्या पत्रकात लिहिलेले नसते.

याहून गंभीर गोष्ट अर्थिंगची. गिटारीच्या तारा जमिनीला जोडलेल्या असतात. बोट ठेवले की घुरघुर कमी होते ती त्यामुळेच. पण घरातल्या प्लगची तिसरी पिन पोकळच असली, की त्याच तारा जिवावर बेतू शकतात. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. म्हणून दाजींना सांगितले, गिटार कोणतीही घ्या. आधी अंगणात अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या.

इतके झाल्यावरही निकष म्हणजे निकाल नव्हे, हे नोंदवले पाहिजे. एकेरी पिकअपला एक लखलखीत, काचेसारखी धार असते; हंबकरमध्ये ती बोथट होते. डीप पर्पलचे रिची ब्लॅकमोर यांनी हार्ड रॉकची महत्त्वाची कामगिरी स्ट्रॅटोकास्टरवरच केली. उलट, बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी कोवळ्या वयात पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसले. ते डावखुरे असल्याने नेमका पडदे दाबायचा हात अधू झाला. त्यांनी प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना लावल्या, पातळ तारा घेतल्या, आणि ब्लॅक सॅबथच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत तारा दीड स्वर उतरवल्या. त्या ढिल्या तारांतून जो जड, काळोखी सूर निघाला, त्यावर पुढचे सगळे हेवी मेटल उभे आहे. त्या दिवशी कुणी पुस्तकी निकष लावले असते, तर तो सूर दोष ठरला असता.

आणि हे सगळे सातासमुद्रापलीकडेच घडले असेही नाही. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात महेश तिनईकर यांच्यासारखा मराठी आडनावाचा गिटारवादक होता. १९८८ साली त्यांची स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतले. मुंबईत १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सवही भरू लागला. त्या काळात आम्ही घराण्यांच्या शुद्धतेवर परिसंवाद भरवत होतो. आपल्याच भाषेच्या घरांतली मुले एक नवे वाद्य कसे हाताळत आहेत, ते बरे हाताळतात की वाईट, हे सांगणारी मराठी समीक्षा माझ्या तरी वाचनात आली नाही, आणि मीही ती लिहिली नाही. गोंगाट म्हणून हात झटकणे हे परीक्षण नव्हे. चांगला गोंगाट आणि वाईट गोंगाट यांत भेद करता येणे, हे परीक्षण.

आम्ही सीमेवरची माणसे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि चार गावे ओलांडली की तेलुगू. १९५६ साली रेघ ओढली गेली तेव्हा उदगीर, निलंगा पलीकडे गेले, औराद इकडे राहिले. परक्या बोलीतला आपला शब्द ओळखण्याची सवय आमच्या कानाला जन्मापासून आहे. तो कान मी गाण्यापुरता बंद करून बसलो होतो.

संध्याकाळी दाजींनी विचारले, "मग, कोणती?" मी माझी कारणे सांगितली, निर्णय पोरावर सोडला. तो बराच वेळ लाल गिटारीवरून हात फिरवत बसला. मग ती पुसून, तिच्या पिशवीत घालून ठेवली आणि तपकिरी मांडीवर घेतली. "मामा, दिसायला बरी नाही ही," म्हणाला, "पण थांबते बघा नीट."

त्या रात्री देवळात भजन होते. मंडळींचा तंबोरा लागत होता. जवारीचा दोरा सरकवत म्हातारे बुवा कान लावून बसले होते. खरखर नेमकी कुठे सुराची होते, ती जागा शोधत होते. तोच शोध दुपारभर आमच्या अंगणात चालला होता. बुवांना हे सांगावे की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग भाच्यालाच पुढे बसवले.